पेशंटची हिस्ट्री: 'सगळंच दुखते'च्या पुढे कसं जायचं?

कृष्णाकाठची
मी मूळची सांगलीकडची, बी.एस्सी. नर्सिंग. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर. गाव चांगलं आहे, माणसं त्याहून चांगली. अडचण एकच, पण रोजची.

कॉलेजात हिस्ट्रीचा क्रम घोटून घेतला होता. नाव-गाव-वय, मुख्य तक्रार, आत्ताचा आजार, आधीचे आजार नि ऑपरेशनं, घरातले आजार, सवयी, बायकांची पाळी-बाळंतपणं, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. वॉर्डात पेशंट पलंगावर असायचा, पळून जायचा नाही. एक केस शीट लिहायला अख्खी दुपार मिळायची. इथे सकाळी बाक भरलेलं असतं आणि अर्ध्या लोकांना परतीचा ऑटो पकडायचा असतो. मी विचारते, काय होतंय? 'सगळंच दुखते.' कधीपासून? 'झाले असतीन बरेच दिस.' आधीचा काही आजार? 'नाई.' गोळ्या चालू आहेत? 'नाई.' मग बीपी १७०/१०० येतं आणि आजी म्हणतात, 'थे बीपीची गोई संपली न मागच्या महिन्यात.'

तपासणीचं तर विचारूच नका. एक खोली, खिडकीला पडदा नाही, दारात सासू.

जुन्याजाणत्यांनी सांगा: एवढ्या गर्दीत हिस्ट्रीतलं तुम्ही काय कापता आणि काय काही झालं तरी कापत नाही? आणि तपासणी खरोखर किती करता? 'पुस्तकात बघ' म्हणू नका, पुस्तक उशाशीच आहे.

कापूसकोंडा
वेचणीहून आल्यावर विचारसान तं सगळंच दुखन न ताई. पेशंट खोटं नाई बोलून राहिला.

निवृत्त_इन्चार्ज
आधी खुर्ची. पेशंट उभा आणि आपण रजिस्टरात मान घालून बसलेलो, असं असेल तर 'नाई' हेच उत्तर मिळणार. बसवायचं, तोंडाकडे बघायचं, मग विचारायचं.

माझी सुरुवात आजाराने कधीच व्हायची नाही. 'सध्या वावरात काय चालू आहे?' हा पहिला प्रश्न. निंदण, फवारणी, वेचणी, सोंगणी, जे असेल ते. त्यातून वाकून काम किती, ऊन किती, पाणी कधी प्यायले, जेवण कधी झालं हे सगळं येतं, आणि मुख्य म्हणजे माणूस बोलता होतो.

'कधीपासून'ला इथे तारीख मिळत नाही, मोसम मिळतो. पेरणीच्या आधीपासून की नंतर? पोळ्याला होतं का? महालक्ष्म्यांचा स्वयंपाक स्वतः केला की कोणी करून दिला? या शेवटच्या प्रश्नातून दम लागणं कधी सुरू झालं हे जेवढं नेमकं कळतं, तेवढं थेट विचारून कळत नाही.

गरोदर बाईची शेवटची पाळीही अशीच काढायची. 'पोयाच्या दिवशी आली होती' म्हटलं की कॅलेंडर उघडायचं. २०२४चा पोळा २ सप्टेंबरला होता. त्यात सात दिवस मिळवा, नऊ महिने पुढे जा, ९ जून २०२५. पण त्या-त्या वर्षाचं कॅलेंडर हवं हं. २०२३ला अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला गेला. 'पोळा म्हणजे ऑगस्ट' असं अंदाजाने लिहिलं तर बाळंतपणाची तारीख आठवड्यांनी सरकते, आणि शेवटी बाळ वाढत नाही की तारीखच चुकली, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पोटावर हात ठेवून गर्भाशयाची उंची जुळते का बघायचंच. बेंबीपाशी लागलं तर साधारण २४ आठवडे.

ट्यूटर_मॅडम
इन्चार्जताईंशी बहुतेक सहमत, पण एक गोष्ट सांगते. क्रम हा विचारायचा क्रम नाही, तो लिहायचा क्रम आहे. पेशंट वाटेल तिथून सुरुवात करू दे, आपल्या डोक्यात रकाने हवेत. शेवटी कुठला रिकामा राहिला ते दिसलं पाहिजे. मुलं हे समजत नाहीत. क्रम सोडायचा म्हटलं की हिस्ट्रीच सोडतात, बीपी-शुगर लिहून मोकळी.

दुसरं, संपूर्ण आणि नेमकी असे दोन प्रकार आहेत. भरती झालेल्या पेशंटची संपूर्ण. ओपीडीत तक्रारीपुरती नेमकी, अधिक चार-पाच गोष्टी प्रत्येकाच्या. त्या चार-पाच कोणत्या हे गावावर ठरतं. सांगलीची यादी यवतमाळला चालायची नाही.

'सगळंच दुखते'वर माझा तोडगा: 'एका बोटाने दाखवा.' एक बोट ठेवलं तर तिथे काहीतरी आहे. अख्खा तळहात पोटावर फिरवला तर वेगळा विचार. त्यानंतर कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, कुठे सरकतं का, झोपमोड होते का. एवढं झालं की दुखण्याची हिस्ट्री झाली.

आणि पोट तपासताना बघणं, मग स्टेथोने ऐकणं, मग ठोकणं आणि सगळ्यात शेवटी दाबणं. आधी दाबलं तर आतड्याचे आवाज बदलतात. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात, वॉर्डात सगळे आधी दाबतात.

एमओ_साहेब
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हिस्ट्री आणि तपासणी हे डॉक्टरचं काम. सिस्टरनी नाडी, बीपी, ताप, श्वास, ऑक्सिजन नीट घेऊन लिहिलं तरी आमचं निम्मं काम होतं. तेही कित्येकदा कॉपी-पेस्ट असतं. पूर्ण वॉर्डाचा श्वासाचा वेग २० कसा असतो हे मला आजवर समजलेलं नाही.

गोंदियाची_लवंगी
श्वास २०चं मान्य साहेब. 😄 बाकी काहीच मान्य नाही.

धागा उपकेंद्राचा आहे. तिथे डॉक्टर कुठे आहे? पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) चौदा किलोमीटर, मध्ये नाला. तिथे सिस्टरने हिस्ट्री घेतली नाही तर ती कोणीच घेत नाही.

आणि दवाखान्यात डॉक्टर असला तरी नर्सची हिस्ट्री वेगळी असते. तुम्ही रोग शोधता. आम्हाला विचारावं लागतं की ही बाई संडासला स्वतः जाऊ शकते का, गिळता येतं का, घरी गोळी कोण देणार, पाकिटावरचं वाचता येतं का, इन्सुलिन ठेवायला फ्रीज आहे का की माठाजवळ ठेवणार. डिस्चार्ज तुम्ही लिहिता, पण घरी गेल्यावर काय होणार हे या उत्तरांवर असतं.

झाडीपट्टीवाला
>>मध्ये नाला
पावसाळ्यात नाला हीच मुख्य तक्रार. बाकी हिस्ट्री नंतर.

कॅज्युअल्टी_नाइट
कृष्णाकाठची, तुम्ही यवतमाळात आहात म्हणून हे आधी लिहिते. ऑगस्ट ते ऑक्टोबर, कपाशी छातीपर्यंत वाढलेली असते त्या काळात, मळमळ, उलटी, डोकं दुखणं, घाम, चक्कर असं काहीही घेऊन माणूस आला की 'फवारणी केली का?' हा प्रश्न सुटता कामा नये. २०१७ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. त्यात कोणी विष प्यायलं नव्हतं. श्वासातून आणि कातडीतून गेलं.

माणूस स्वतःहून फवारणी सांगत नाही. त्याच्या लेखी ते रोजचं काम. तो म्हणतो 'ऊन लागलं'. म्हणून विचारा: काल-परवा फवारलं का, पंप पाठीवरचा की पेट्रोलवर चालणारा, कोणतं औषध, एकच की दोन-तीन मिसळून, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला होता, आंघोळ केली का. घरच्यांना डबा किंवा बाटली आणायला पाठवा, नावावर विश्वास ठेवू नका. मिसळलेलं असेल तर सगळे डबे.

तपासताना डोळ्यांच्या बाहुल्या आधी. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, लाळ-घाम-डोळ्यांतून पाणी वाहत असेल, नाडी मंद असेल, छातीत घरघर असेल, स्नायू फडफडत असतील, तर लगेच मोठ्या दवाखान्यात, ॲट्रोपिनच्या उताऱ्याची गरज आहे. पण बाहुल्या नॉर्मल आहेत म्हणून सोडून देऊ नका, सगळी औषधं एकाच जातीची नसतात. कपडे काढून अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घालून. कपडे घरी धुवायला देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी बायको येते.

कापूसकोंडा
वरची पोस्ट कृषी केंद्रात लावाले पायजे. आमच्या गावात पंपाचं नोझल तोंडानं फुकून साफ करतेत, अजूनबी.

ट्यूटर_मॅडम
प्रिंट काढून डेमो रूममध्ये लावते. परवानगी गृहीत धरली आहे.

वर्धेकर
सवयींचा रकाना कोणी बोलला नाही अजून. आमच्याकडे तंबाखू खाता का विचारलं की 'नाई'. खर्रा? 'थो तं खातोच.' किती? 'दोन-तीन.' बायको मागून म्हणते, 'सकायपासूनचेच तीन झाले.'

बाहेरून आलेल्यांसाठी: खर्रा म्हणजे कच्ची सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून. पश्चिमेकडे मावा म्हणतात तसलाच. खाणाऱ्याला तो तंबाखू वाटतच नाही. खर्रा म्हणाला की तोंड उघडायला लावा, त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, गालाची आतली बाजू पांढरट नि कडक लागत असेल, तिखट सोसत नसेल, तर डेंटलकडे पाठवा. 'तिखट खाता येतं का?' हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो.

गोंदियाची_लवंगी
बायांना पण विचारा. नस लावतात दाताला, गुडाखू घासतात, त्यातही तंबाखूच. पुरुषांनाच विचारून सोडायचं नाही. गरोदर असली तरी विचारायचं.

ब्रदर_वॉर्ड_सात
आणि तोंडात खर्रा असताना बीपी घेऊ नका. थुंकायला लावा, अर्धा तास थांबवा. अर्धा तास थांबत नाहीत हे माहीत आहे, निदान लिहा तरी.

झाडीपट्टीवाला
अर्धा तास बिनखर्र्याचा बसला तर बीपी अजून वाढन.

वर्धेकर
दारूचं सांगायचं राहिलं. वर्धा १९७५पासून दारूबंदी, गडचिरोली १९९३पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१. बंदी असलेल्या जिल्ह्यात 'दारू घेता का?' म्हटलं की समोरच्याला आपण ठाणेदार वाटतो. उत्तर ठरलेलं. मी विचारतो, 'शेवटची कधी झाली?' म्हणजे घेता हे मी धरूनच चाललोय. लाजत का होईना सांगतात, 'परवा लग्नात.' भरतीच्या पेशंटला हे लागतंच लागतं. रोज पिणारा भरती होतो, दारू तुटते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम, बडबड, सलाईन उपटून पळतो. मग नातेवाईक म्हणतात, तुमच्या इंजेक्शनने वेडा झाला.

एमओ_साहेब
हे शंभर टक्के खरं. शेवटच्या पेल्याची वेळ केस पेपरवर असली तर रात्रीचा अर्धा गोंधळ टळतो.

इंद्रावती
भामरागडकडची एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. आमच्याकडे पहिली अडचण भाषेची. म्हातारी माणसं माडियाच बोलतात. मराठीतून विचारलं की मान हलवतात, आपण 'हो' लिहून घेतो. त्यांनी आपलं मन राखलेलं असतं.

दुभाषा म्हणून शाळेतलं पोर बसवायची पद्धत आहे, ती बंद करा. मुलगा आईच्या पाळीबद्दल विचारणार नाही, विचारलं तरी ती त्याला सांगणार नाही. आशाताईला बसवा. नवरा चालेल, पण त्याने स्वतःचं उत्तर दिलं की थांबवून 'तिला विचारा' म्हणायचं.

आता सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडे आहे. २०२३च्या जुलैत राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं तेव्हापासून तपासण्या वाढल्या, पण कार्ड घरी पेटीत असतं आणि पेशंट इथे. हातपाय-सांधे-पाठ दुखते म्हणून जवान पोरगा आला तर विचारा: लहानपणापासून असं येऊन-जाऊन दुखतं का, थंडीत किंवा तापात वाढतं का, डोळे पिवळे झाले होते का, रक्त चढवलं होतं का, भावंडांत कोणाला आहे, कोणी लहानपणीच गेलं का. हे शेवटचं हळू आवाजात.

प्लीहा बघायची तर उजव्या बाजूला खालून, मांडीच्या वरून सुरुवात करून तिरकं डाव्या बरगडीकडे या. लोक थेट डाव्या बरगडीखाली हात घालतात. प्लीहा मोठी असली तर हात तिच्यावरच पडतो, कडा सापडत नाही, 'नॉर्मल' लिहितात. सिकलसेलच्या लहान पोराची प्लीहा एकाएकी वाढली आणि ते पांढरं पडलं तर त्याच घटकेला हलवा. मी आयांना पोटावर हात ठेवायला शिकवते, त्या माझ्यापेक्षा लवकर ओळखतात.

एक कळकळीचं. घरातले आजार विचारताना लग्नाच्या पोरीला सासरच्यांसमोर सिकलसेल विचारू नका. नुसती वाहक असली तरी सोयरीक मोडते.

निवृत्त_इन्चार्ज
इंद्रावतीताई, तुमच्याकडचं अजून लिहा.

वाशीमची_लेक
मी नर्स नाही, पेशंटची मुलगी. बाहेर बाकावर बसणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

बाबांना घेऊन गेले तर पहिला प्रश्न जात. मग आधार. मग मोठ्यांदा, 'लघवीला जळजळ होते का?' हॉलमध्ये गावातली निम्मी माणसं, व्याही पण बसलेले. बाबा म्हणाले नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, होते. आजारापेक्षा त्यांना याचंच जास्त लागलं.

आम्ही खोटं बोलतो असं वाटत असेल तर आवाज जरा कमी करून बघा.

गोंदियाची_लवंगी
लागलं मनाला. बरोबर आहे तुमचं.

इंद्रावती
वाशीमची_लेक, बायकांचं तर याहून अवघड. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ साली छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्यांतल्या बहुतेकींना त्याआधी कोणी तपासलंच नव्हतं. म्हणून मी प्रत्येक बाईला 'अंगावरून पांढरं जाते का, वास येतो का, कंबर दुखते का' विचारतेच, ती खोकल्यासाठी आली असली तरी. उत्तर लगेच येत नाही. उठून दाराशी जाते आणि तिथून परत येते, 'सिस्टर, थे तुमी विचारलं होतं न...'

ब्रदर_वॉर्ड_सात
पुरुष नर्सने काय करायचं तेही लिहा कोणी. मी स्टेथो काढला की म्हातारी पदर घट्ट करते, पोरगी आईच्या मागे जाते. ब्रदर म्हटलं तरी.

निवृत्त_इन्चार्ज
ब्रदर, आधी सांगायचं, मग हात लावायचा. 'आता पाठीवर हे गार लागेल, दोन वेळा मोठा श्वास घ्या.' सोबत आशा किंवा सिस्टर उभी हवी, हे तुमच्याही रक्षणाचं आहे. ब्लाउज काढायची गरज बहुतेक वेळा नसते, पण लुगड्यावरून स्टेथो टेकवून 'छाती साफ' लिहायचं असेल तर नका लिहू. पाठ तरी मोकळी करा. हात चोळून गरम करा. आणि पडदा नसेल तर कृष्णाकाठचीने एक काम करावं, दोरी आणि जुनी चादर. निधीची वाट बघू नये.

कॅज्युअल्टी_नाइट
कपडे बाजूला करण्यावरून. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफस निघाला तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे. चार-पाच दिवसांचा ताप, डोकेदुखी, मलेरिया-डेंगी निगेटिव्ह, तर अंगभर बघायचं. गवतातला बारीक किडा चावतो, तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंटला माहीतच नसते. आणि ती असते काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीपाशी. सगळ्यांना येतेच असं नाही, पण दिसली तर डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू होतं. गवत कापलं का, झुडपात गेलात का, हे हिस्ट्रीत.

त्याच निमित्ताने पाठ बघून होते. फिकट चट्टा असेल तर पेशंटला डोळे मिटायला लावून कापसाने स्पर्श करून बघा. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग संपलेला नाही. पाठीवरचा चट्टा पेशंटला दिसत नाही आणि आपण पाठ बघत नाही.

कावीळ ट्यूबलाइटखाली बघू नका. दाराशी उजेडात आणा.

मेळघाटची_मैना
लहान पोरांचं कोणीच बोललं नाही! धारणीकडची आशा गटप्रवर्तक आहे.

खोकला-ताप असलेल्या पोराचा श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, अंगडं वर करून, पोर शांत असताना. रडत असेल तर थांबा, पाजायला लावा, झोपू द्या. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया समजून चालायचं. दोन महिन्यांच्या आतलं पोर असेल तर थेट पाठवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा मोजत बसू नका, तेही पाठवा. दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण, तरी पाठवा.

आमच्याकडे पोट फुगलं की बाळाच्या पोटावर डागतात. अंगडं वर केलं की चटके दिसतात. तिथे एक अक्षर बोलायचं नाही. नवीन सिस्टर ओरडतात, आई गप्प होते, पुढच्या वेळी पोर दवाखान्यात येत नाही, भुमकाकडेच (गावच्या वैदू-मांत्रिकाकडे) राहतं. मी विचारते, 'कधी केलं, त्याच्या आधी पोट कसं होतं, दूध ओढत होता का?' आजार तिथे असतो. चटक्याचं नंतर, तिच्या घरी बसून.

झाडीपट्टीवाला
कोणाची खरी हिस्ट्री पायजे असन तं पिठाच्या चक्कीवर जा. आशाताईले बी तितूनच भेटते.

मेळघाटची_मैना
भाऊ, बरोबर ओळखलं. 😀 पण चक्कीवर कळलेलं दवाखान्यात बोलून दाखवायचं नसतं.

पूर्णाकाठचा
अकोल्याकडून एक भर. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला-अमरावती-बुलडाण्याचा भाग. तिथे 'पाणी कुठलं पिता?' हे विचाराच. बोअरचं, नळाचं की टँकरचं. पायावर सूज, तोंड सुजलेलं, लघवी कमी असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगा. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुठली गोळी किती दिवस खातोय हेही. पेनकिलर कोणी औषधात धरत नाही.

वाशीमची_लेक
गोळ्यांसाठी सोपा उपाय आहे. 'घरात आहेत तेवढ्या सगळ्या पन्नीत घालून आणा, संपलेली पाकिटंसुद्धा.' आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ही सवय लावली. बाबा आता लग्नाला निघाले तरी पन्नी सोबत.

एमओ_साहेब
मूळ धाग्याकडे येतो. माझी पहिली पोस्ट जरा आखूड होती. हिस्ट्री सिस्टरनी घेऊ नये असं नाही, पण एकाच पेशंटला आशा, सिस्टर, इंटर्न आणि मी असे चौघं तेच विचारतो आणि चार वेगळी उत्तरं मिळतात. चौथ्या वेळेपर्यंत तो वैतागलेला असतो. कृष्णाकाठची मॅडम, तुम्ही रेफर करताना चिठ्ठीवर 'पोटदुखी, पुढील उपचारासाठी' एवढंच नका लिहू. कधीपासून, सोबत काय, तुम्हाला तपासताना काय सापडलं, काय दिलं आणि किती वाजता. चार ओळी. मी वाचीन.

गोंदियाची_लवंगी
साहेब चिठ्ठी वाचतात याची हिस्ट्री कोणाकडून घ्यायची? 😄

एमओ_साहेब
माझ्या सिस्टरकडून. ती खरं सांगेल, त्यामुळे नका घेऊ.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. चादर लागली, दोरी आशाताईंनी दिली. बाक खोलीच्या दारापासून लांब सरकवलं, आता आतलं बाहेर ऐकू जात नाही. सासूबाईंना वजनकाट्यापाशी कार्ड लिहायला पाठवते, तेवढ्यात सुनेशी बोलून होतं.

माझी 'न कापायची' यादी सध्या अशी: वावरात काय काम चालू आहे (यात फवारणी आली), खर्रा नि शेवटची दारू, पन्नीतल्या गोळ्या, बायकांना पांढरं जाणं आणि पाळी, जवान पोरांना सांधेदुखी आणि कावीळ. तपासणीत पापणी आणि डोळे उजेडात, तोंड उघडून, पाठ, पाय दाबून सूज, पोरांचा श्वास पूर्ण मिनिट. बाकीचं तक्रारीप्रमाणे. परवा 'सगळंच दुखते'वाल्या एका काकांनी एका बोटाने दाखवलं, ते नेमकं डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत होतं. लगेच गाडीत घातलं.

एक प्रश्न उरला. रजिस्टरात बीपी, शुगर, वजन एवढेच रकाने. हे बाकीचं लिहायचं कुठे?

निवृत्त_इन्चार्ज
शेरा. शेऱ्याचा रकाना कोणी भरत नाही म्हणून मोठा वाटतो, तिथे लिही. आणि पेशंटच्या स्वतःच्या कार्डाच्या मागे. रजिस्टर तुझ्याकडे राहतं, कार्ड त्याच्यासोबत फिरतं.

कॅज्युअल्टी_नाइट
यादीत एक घाला: 'रात्री कुठे झोपला होता?' पावसाळ्यात पहाटे पोटदुखी, उलटी, घसा आवळल्यासारखा घेऊन माणूस येतो, अंगावर व्रण नाही, कोणी साप पाहिलेला नाही. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा खूण राहत नाही. डोळे वर करून छताकडे बघायला लावा. पापण्या जड होऊन मिटत असतील, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर १०८ला फोन आणि गाडीत श्वासावर लक्ष. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवू नका.

कृष्णाकाठची
घातला. खाटेवर झोपला असेल तर सोडायचं का?

कॅज्युअल्टी_नाइट
नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचली होती का ते विचारा. खोचली नसेल तर खाट असली तरी पापण्या बघायच्या.